'गजनी' म्हणे शंभर टक्के मेडिकली करेक्ट!

घोडबंदरकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की 'गजनी'तला स्मृतिभ्रंश 'शंभर टक्के मेडिकली करेक्ट' आहे. राहवलं नाही. आमिर दर पंधरा मिनिटांनी कोरा होतो, मेंदूत काय अलार्म लावलाय? हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग, गेला की नवी आठवण पक्की होत नाही. लक्ष विषयावर आहे तोवर ठीक, लक्ष हललं की अर्ध्या मिनिटातही सगळं पुसलं जातं. हेन्री मोलेसनचं 1953 मध्ये अपस्मारासाठी ऑपरेशन झालं, त्यात दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस बराचसा गेला. डिसेंबर 2008 मध्ये वारला, म्हणजे 'गजनी' लागला त्याच महिन्यात! ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवायचा, पण वर्षानुवर्षं तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला कायम अनोळखी. गंमत म्हणजे आरशात बघून चांदणी गिरवायला दिवसागणिक सुधारला, आधी कधी केलंय याचा पत्ता नाही. हे दाखवा की पडद्यावर!

वाशीचा_पिक्चरवेडा: मास्तर, पिक्चर बघायला जाता की पेपर तपासायला? पंधरा मिनिटं ही पटकथेची सोय आहे. 'मेमेंटो' या असल्याच स्मृतिभ्रंशावरच्या इंग्रजी पिक्चरमध्ये रंगीत प्रसंग उलट क्रमाने येतात, त्यामुळे आधी काय झालं ते प्रेक्षकालाही ठाऊक नसतं. त्यात काय खोटं?

घोडबंदरकर: बरं, 'मेमेंटो' पास. 'सदमा'चं काय? वैद्याचे उपचार झाले की जुनं सगळं परत आणि मधलं सगळं साफ!

वाशीचा_पिक्चरवेडा: श्रीदेवीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

नौपाड्याची_सून: तुमचं चालू द्या. माझ्या सासूबाईंना मेंदूज्वरानंतर हेच झालंय. हातात कप असतो आणि विचारतात, "चहा झाला का गं?" नव्या घरातली बाल्कनीची कडी मात्र आता न बघता लावतात. घर कुणाचं, हे रोज सांगावं लागतं. मागे एकट्याच निघाल्या तर वॉचमनने गेट उघडून वर सलाम ठोकला! तलावपाळीला भेळेच्या गाडीपाशी सापडल्या. 'अस्तु' पिक्चरमधले विसरभोळे झालेले शास्त्रीबुवा हत्तीमागे जातात ना, तो आजार वेगळा, पण घरच्यांची तारांबळ तीच.

सेक्रेटरी_ठाणे_पश्चिम: ताई, वॉचमन सोसायटीचा असतो, तुमच्या घरची आया नव्हे. ज्येष्ठांना गेटवर अडवलं तर उद्या तुमच्यासारखेच तक्रार घेऊन येतील.

नौपाड्याची_सून: कुरियरवाल्याची झडती घेता येते, पाहुण्याची गाडी वीतभर पुढे आली की शिट्ट्या मारता येतात, म्हातारीला "आजी, कुठे निघालात?" एवढं विचारता येत नाही?

सेक्रेटरी_ठाणे_पश्चिम: मेन्टेनन्स थकवणाऱ्यांचाच आवाज मोठा असतो, हा माझा अनुभव.

नौपाड्याची_सून: मी थकवते हे कुणी सांगितलं तुम्हाला? तोंड सांभाळून!

वाशीचा_पिक्चरवेडा: 'गजनी'वरून गेटवर आलो! पण सेक्रेटरीसाहेब, हे अती झालं. आमच्या मामांचं असंच झालं तेव्हा गल्लीतला इस्त्रीवालाच त्यांना घरी आणून सोडायचा. पगार मागितला नव्हता त्याने.

घोडबंदरकर: ताई, ती कडीची गोष्ट म्हणजे चांदणीचाच प्रकार. हात शिकतात. तेवढं एका तरी दिग्दर्शकाला सांगा.

नौपाड्याची_सून: दिग्दर्शकाचं नंतर बघू. आधी रात्रपाळीला बाई मिळवून द्या.

सेक्रेटरी_ठाणे_पश्चिम: मेन्टेनन्सचं वाक्य मागे घेतो. तुमच्या कमिटीला सांगा, केबिनमध्ये आजींचा फोटो आणि तुमचा नंबर लावायला. आमच्याकडे असतात तर मीच लावला असता. अर्थात, लेखी अर्ज आल्यावर.

नौपाड्याची_सून: तीन प्रतींत ना?