मदत हवी आहे: घरीच मोटरसायकलची दोन्ही चाकं काढायची आहेत, पण डबल स्टँड नाही

मंडळी, दोन्ही टायर गुळगुळीत झालेत, नवे आणून ठेवलेत. चाकं घरी काढायची आणि टायरवाल्याकडे नुसती चाकं न्यायची, असा बेत आहे. मागच्या वेळी एका दुकानात एक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा) निघेना म्हणून पोराने टोकावर थेट लोखंडी हातोडा घातला. शेवटचे आटे अजून दबलेले दिसतात. पुन्हा ती रिस्क नको.

गाडीला पुढे-मागे डिस्क, एबीएस, अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. माझ्याकडे मागचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), कारचा जॅक आणि रिंग पान्यांचा सेट आहे. टॉर्क रेंच (नेमक्या ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) उसना मिळेल.

अडतंय ते असं. पुढचं चाक उचलायचं कशावर? इंजिनखाली सायलेन्सरचा पाइप आडवा येतो. दोन्ही चाकं एकदम काढली तर एका खेपेत काम होईल, ते जमेल का? मागच्या एक्सलचा नट जाम आहे. आणि कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) सोडताना ब्रेक ऑइल काढावं लागतं का?

प्रतिसाद:
एवढा उपद्व्याप कशाला? दुकानात समोर उभं राहून काम करून घ्या, संपला विषय.

प्रतिसाद:
अहो, त्यांना करायचंय तर करू द्या की!

दोन्ही चाकं एकदम काढू नका. दोन खेपा पडल्या तरी चालतील, आधी मागचं करा. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. स्टँडवर चढवल्यावर पान्याला जोर लावलात तर गाडी कलंडलीच समजा. नटला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली पिन) असेल तर ती आधी काढा (बसवताना नवीनच घाला). रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी लांब दांड्याचा पाना लावा. एक्सलचं दुसरं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर नुसता एक्सलच फिरत बसेल. एक्सल बाहेर ढकलायला रबरी किंवा नायलॉनचा हातोडा. तोही नसेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरा.

स्टँडवर चढवल्यावर पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने आवळून बांधा, गाडी पुढे सरकत नाही. पुढच्या चाकाच्या वेळी मात्र तो पट्टा आठवणीने सोडा.

ब्रेक ऑइलला हात लावायची गरज नाही. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने टांगा. पॅडच्या मधे जाड पुठ्ठा खुपसून ठेवा. चाक बाहेर असताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन पुढे येतात आणि मग डिस्क आत जात नाही. एबीएसचा सेन्सर आधी सोडून बाजूला बांधा, त्याची वायर ताणू नका.

प्रतिसाद:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त स्पेसर राहिले. म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन्ही बाजूंचे बुश. ते बऱ्याच गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचे असतात. काढताना मोबाइलवर फोटो घ्या आणि फडक्यावर त्याच क्रमाने मांडून ठेवा. अदलाबदल झाली तर चाक एका बाजूला सरकतं आणि डिस्क कॅलिपरला घासते. चेनचे दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखेच आटे फिरवून ढिले करा आणि आटे मोजून लिहून ठेवा. चाक पुढे ढकललं की चेन स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चकतीवरून) उतरते, तोडायची गरज नाही. स्प्रॉकेटचा भाग हबमधल्या रबरांवर नुसता बसलेला असेल तर तो हातात सुटून येईल, घाबरू नका. रबरं चिरली असतील तर आत्ताच बदला.

टायरवाल्याला दोन गोष्टी बजावा. चाक डिस्कवर आडवं टाकायचं नाही आणि टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनेच बसला पाहिजे. बॅलन्सिंगही करून घ्या.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार! नट सुटला, मागचं चाक नव्या टायरसह बसलं. आता पुढचं. पॅडॉक मागे ठेवून इंजिनखाली जॅक लावू का?

प्रतिसाद:
पॅडॉक मागे राहू द्या. जॅक सायलेन्सरच्या पाइपला किंवा ऑइल फिल्टरला टेकता कामा नये. इंजिनखाली सपाट, भक्कम जागा असेल तरच लाकडाची फळी ठेवून उचला. जागा नसेल तर जॅकचा नाद सोडा आणि पुढचा पॅडॉक कुणाकडून तरी मागून आणा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) तळाशी एक्सल दाबून धरणारे पिंच बोल्ट असतील तर ते आधी ढिले करा, मग एक्सल.

बसवताना नुसता क्रम उलटा करून भागत नाही, हे लक्षात घ्या. एक्सल मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-चारदा जोरात दाबा. फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसले की मगच पिंच बोल्ट आवळा. आधीच आवळलेत तर फोर्क तिरका अडकून राहतो.

गाडी हलवण्याआधी दोन्ही ब्रेक कडक लागेपर्यंत दाबा. पहिले दाब पोकळच जातात. एबीएसचा दिवा गाडी चालायला लागल्यावर विझायला हवा. नाही विझला तर सेन्सरचा बोल्ट आणि सॉकेट तपासा. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी वळणात फार झोपवू नका, नव्या टायरची पकड लगेच येत नाही.