नेपाळचं आकड्यांचं गणित कुणी समजावेल का?

मंडळी, मदत हवी आहे. नेपाळच्या राजकारणावर वाचतोय आणि एका जागी अडलोय.

२०२२ च्या निवडणुकीत २७५ च्या प्रतिनिधी सभेत नेपाळी काँग्रेसला ८९, ओलींच्या एमाले या कम्युनिस्ट पक्षाला ७८ आणि प्रचंड यांच्या माओवादी केंद्राला फक्त ३२ जागा. तरी पंतप्रधान झाले प्रचंडच! आधी ओलींच्या पाठिंब्यावर, मग काँग्रेसच्या, मग पुन्हा ओलींच्या. दीड वर्षात पाच विश्वासदर्शक ठराव. पाचवा जुलै २०२४ मध्ये हरले. मग ओली आणि काँग्रेसचे देउबा, म्हणजे पहिला नि दुसरा पक्षच, एकत्र आले. (महाराष्ट्रातलं २०१९ आठवून मी हसलो, पण हे त्याहून वरचढ.)

तिथे १६५ जागा थेट निवडणुकीच्या आणि ११० प्रमाणशीर पद्धतीच्या, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या. २०२२ ला कुठल्याच पक्षाला बहुमत मिळालं नाही ते यामुळेच, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. २०१७ ला याच पद्धतीत ओली-प्रचंड युतीला जवळपास दोन तृतीयांश जागा होत्या, तरी सरकार टिकलं नाही.

मग खरं कारण पक्षांतली भांडणं की घटनेतली तरतूद? काठमांडूत राहिलेलं किंवा नेपाळी वर्तमानपत्रं वाचणारं कुणी आहे का इथे? दिल्ली-बीजिंगच्या चष्म्यातून न लिहिलेलं काही सुचवलंत तर फार बरं होईल. हिंदीतलंही चालेल.