तुमचे आवडते अल्बम सांगा, आणि त्यात नक्की काय ऐकायचं तेही

ठेका:
परवा लालबागला एका घरगुती मैफलीत साथीला होतो. मध्यंतरात यजमानांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावलं आणि गिरगावची आमची चाळ आठवली, शेजारच्या काकांच्या रेकॉर्ड प्लेयरसमोर आम्ही पोरं मांडी घालून बसायचो ते. म्हणून हा धागा.

मी तबला वाजवतो, त्यामुळे कान आपसूक साथीदाराकडे जातात. १९६७च्या या रेकॉर्डचं नाव निघालं की लोक शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, फार तर ब्रिजभूषण काब्रांची गिटार म्हणतात. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत हो! काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सुरुवात पहाटेच्या अहीर भैरव रागाने, आणि तबला कुठेही पुढे पुढे करत नाही. हे फार अवघड असतं.

दुसरी, गायक अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी, दोन रागांची रेकॉर्ड. एका बाजूला मारवा, उलटली की दरबारी. विलंबित झूमरा ताल, चौदा मात्रा, लय इतकी सावकाश की शिकाऊ मुलगा दोन मात्रांमधल्या जागेत घाबरतो आणि काहीतरी भरायला जातो. इथे ठेका म्हणजे ठेकाच, तालाचे मूळ बोल, वर काही नाही. माझ्याकडच्या मुलांना कायदे (तबल्यावर विस्तार करायच्या बोलांच्या रचना) देण्याआधी मी हे ऐकायला लावतो.

तिसरी जॅझवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. पहिल्याच तुकड्यात मुखडा संपून ट्रम्पेटचा सोलो उघडतो तिथे ड्रमवाला जिमी कॉब झांजेवर एक ठोका देतो. तो ठोका विरेपर्यंत ऐका, मग ट्रम्पेटकडे जा.

नुसती नावं टाकू नका, जागा सांगा.

मुलुंडची_माई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. राम श्याम गुणगान! भीमसेनजी आणि लताबाई एकत्र, संगीत श्रीनिवास खळेकाकांचं. सासरे सकाळी लावायचे, मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे, बाजे रे मुरलिया लागलं की लाटणं थांबायचं आणि सासूबाई आतून विचारायच्या तवा तापला का गं. भीमसेनजींचा तो एवढा मोठा आवाज लताबाईंच्या शेजारी किती अदबीने येतो बघा. शिट्टी झाली, येते.

पश्चिम_रेल्वे:
जागा म्हणाल तर माझी जागा रिदम हाऊस, काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकान 😀 कॉलेज सुटलं की चर्चगेटहून चालत जायचो, खिशात पैसे नसायचे तरी ऐकू द्यायचे. 'शक्ती' या बँडचा पहिला अल्बम तिथेच ऐकला, १९७६चा, जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीर हुसेनभाईंचा तबला आणि विक्कू विनायकरामांचा घटम (मडक्यासारखं तालवाद्य). ताटात दोन भाज्या असाव्यात तसं तबला आणि घटम वेगळे वेगळे कळतात आणि एकत्रही लागतात. २०१६ला दुकान बंद झालं, त्या फुटपाथवरून अजून जावंसं वाटत नाही.

ठेका:
@पश्चिम_रेल्वे अगदी. डिसेंबर २०२४मध्ये झाकीरभाई गेले त्या दिवशी मला तबला उघडवेना. माहीमचं पोर होतं हो ते, आपलं माणूस.

निशिगंध:
किशोरीताई आमोणकरांचा राग भूप. सहेला रे. दुसऱ्या बाजूला बागेश्री.
आई आजारी होती तेव्हा रात्री वॉर्डात इअरफोनचा एक कान तिला, एक मला. तिला बोलता येत नव्हतं पण ताई गंधारावर, म्हणजे 'ग' या स्वरावर आल्या की बोटाने चादरीवर खूण करायची. आई गेल्यावर वर्षभर लावलं नाही. आता लावते, आणि गंधार आला की माझंच बोट हलतं.

मुलुंडची_माई:
@निशिगंध बाळा 🙏 वाचून डोळे भरले. लावत जा गं.

सानिका९७:
तुम्ही सगळे खूप भारी लिहिताय, इथे गारवा चालेल का?? गायक मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र. आधी सौमित्रचा आवाज, कविता, आणि मग गाणं, मला तर त्या कविताच पाठ आहेत. मोठ्या भावाची कॅसेट होती, पाऊस आला की तो खिडकीत बसून लावायचा, नंतर कळलं समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहायचं ते 😂 वहिनी आहे आता.

कट्टेकरी:
@सानिका९७ म्हणजे अल्बमने काम केलं की! वहिनींना विचार त्यांना कुठली जागा आवडली 😄

ठेका:
@सानिका९७ चालेल काय, पळेल.

पश्चिम_रेल्वे:
कॅसेटवरून आठवलं, माझा डेक आवाज ओढतोय, गाणं मध्येच जाड होतं. बेल्ट गेला असेल का? लॅमिंग्टन रोडला मिळेल?

कट्टेकरी:
बेल्टच असणार, सैल झाला की असंच होतं. जुना काढून सोबत ने, मापाला लावून देतात. पण आधी कॅसेट उजेडात धरून बघ. आपल्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते, ती तशीच लावलीस तर हेडला (डेकमधला टेप वाचणारा भाग) चिकटते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पूस, वाळू दे, मग लाव.

मुलुंडची_माई:
माझ्या संतवाणीच्या कॅसेटला तसंच झालंय, पांढरं पांढरं. फेकायची नाहीये. तुम्ही बघून द्याल का कुणी? शनिवारी दादरला येते आहे, भाजी घ्यायला.

कट्टेकरी:
आणा माई, मी प्लाझापाशी असेन अकरापर्यंत. उन्हात ठेवू नका तोवर, टेप वाकडी होते.