सुटलेल्या बालसैनिकाला रोख भत्ता द्यावा की त्याच्या शाळेला साहित्य?

धागा
पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी संपवणाऱ्या २००३च्या शांतता करारानंतर हत्यार टाकणाऱ्यांना ३०० डॉलर दोन हप्त्यांत मिळाले, मुलांनाही. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये सुटलेल्या मुलाला फी न घेता दाखल करणाऱ्या शाळेला साहित्य दिलं गेलं, सगळ्यांनी वापरावं असं. मला हीच पद्धत बरोबर वाटते. पोराच्या हातातल्या रोकडीवर जुना कमांडर टपलेला असतो. शिवाय ज्यांचं घर जळालं ते शेजारी विचारतात, बंदूक धरणाऱ्याला पैसे आणि आमच्या लेकराला काहीच नाही?

प्रतिसाद १
साहित्य शाळेत पोचतं, मूल पोचत नाही! पंधरा वर्षांच्या मुलाची मजुरी घराला लागते. फी माफ झाली तरी गणवेश, जेवण आणि बुडालेला रोज कोण भरून देणार? मुलीच्या कडेवर बाळ असेल तर तिला पाळणाघर हवं. लायबेरियात चुकलं ते एकरकमी मोठे हप्ते देण्यात. थोडी रक्कम, दरमहा, हजेरी पाहून द्या. कमांडरला उचलण्यासारखं काही उरत नाही.

प्रतिसाद २
दोघंही दाराच्या आतलं बोलताय, खरी गळती दारातच झाली. सिएरा लिओनमध्ये बऱ्याचदा हत्यार जमा केल्याशिवाय पुनर्वसनाच्या यादीत नाव लागत नसे. स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, बळजबरीनं 'बायको' केलेल्या मुलींकडे बंदूक कुठली? त्या परस्पर घरी गेल्या, किंवा गेल्याच नाहीत. बालसैनिकांबद्दलच्या २००७च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वांनी तर स्वयंपाकी, हमाल, निरोपे आणि लैंगिक शोषणासाठी नेलेली मुलंही लढाऊ गटांशी जोडलेल्या मुलांच्या व्याख्येत घेतली आहेत. वयाचा प्रश्न मात्र सिएरा लिओननं बरा हाताळला: प्राथमिकची सहा वर्षं तीन वर्षांत. थोराड मुलाला पहिलीच्या बाकावर बसवलं की तो आठवड्यात पळतो.

धागाकर्ता
मुलींबद्दल पूर्ण मान्य. हजेरीच्या भत्त्यालाही हरकत नाही, पण त्यासाठी 'माजी सैनिक' अशी यादी करू नका. यादी फुटली की सूड घेणाऱ्याला पत्ता मिळतो आणि पुन्हा भरती करणाऱ्यालाही. गावातल्या शाळा सुटलेल्या सगळ्या मोठ्या मुलांची एकच यादी ठेवा.

प्रतिसाद १
मग लाभार्थी कितीतरी वाढतील आणि निधी वर्ष संपायच्या आत आटेल. तीन वर्षांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडलेल्या मुलाच्या हाती प्रमाणपत्रही येत नाही. यादी सर्वांची करा, पण पूर्ण तीन वर्षांचा पैसा हाती आल्याशिवाय पहिला वर्ग उघडू नका.