क्रूझवरची फॉर्मल नाइट : नाशिककर, तुमचे अनुभव लिहा

आपल्या नाशिकला समुद्र नाही, तरी हल्ली प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी क्रूझला जाऊन आलेलं असतं. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागलं, तेव्हापासून तर आधी सिंगापूर गाठायचीही गरज उरली नाही. सकाळी लवकर निघून कसारा घाट उतरला की दुपारपर्यंत मुंबईचा बॅलार्ड पिअर धक्का.

मला प्रवासातली एकच संध्याकाळ ऐकायची आहे. सगळे मित्रमैत्रिणी ठरवून उत्तम कपडे घालतात आणि एका टेबलाशी जेवायला बसतात, ती. लग्नाकार्यातही आपण नटतो, पण तिथे आपण कुणाची तरी वहिनी असतो, मावशी असतो. हातात आहेराची पिशवी आणि नजर पंगतीवर. कुणाचंही कार्य नसताना, फक्त मैत्रिणींसाठी पैठणी नेसायची, निवांत बसायचं आणि दुसऱ्या कुणी वाढायचं, हे माझ्या पिढीतल्या बायकांच्या वाट्याला फार कमी आलं. मला ते मोलाचं वाटतं, म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही भिशीच्या मैत्रिणी मुंबई-गोवा फेरीला गेलो होतो. आमच्या फेरीत पोशाखाची सक्ती नव्हती, संध्याकाळ आम्हीच ठरवली. केबिनमध्ये इस्त्री न्यायला बंदी असते, कारण जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून पैठण्या मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवल्या. एकीची साडी येवल्याच्या विणकराकडून तिच्या आईने घेतलेली, पदरावर मोर. आई गेल्यापासून ती साडी कपाटातून निघाली नव्हती. इतक्या लहान केबिनमध्ये निऱ्या घालायच्या म्हणजे एकीने पलंगावर चढायचं आणि दुसरीने खाली बसून निऱ्या धरायच्या. जेवणाच्या हॉलच्या दारात वाढणारा मुलगा म्हणाला, "या काकू, बसा." वेंगुर्ल्याचा निघाला. पुढचे दोन तास आमच्यातल्या एकीलाही उठावं लागलं नाही. आता तुम्ही लिहा, नावाऐवजी आपला भाग टाकलात तरी चालेल.

नाशिक रोड

आम्ही इथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले मित्र, बायकांसह गेलो होतो. आमच्या जहाजावर सुटण्याआधी सगळ्यांना जमायला लावलं होतं : सात छोटे भोंगे, मग एक लांब भोंगा, आणि आपापल्या ठरलेल्या जागी हजर व्हायचं. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला लागून कललं आणि ३२ माणसं गेली. त्या जहाजावरच्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. तिथे कंटाळा करू नका.

संध्याकाळी सगळ्यांनी ब्लेझर चढवले, पण टायची गाठ आमच्यात एकालाच येते. केबिनबाहेरच्या बोळात आम्ही त्याच्यासमोर ओळीने उभे राहिलो आणि तो एकेकाचा टाय बांधत गेला. कामावर असताना इतकी वर्षं एकमेकांना गणवेशातच पाहिलेलं. त्या बोळात माझे मित्र मला फार देखणे वाटले. नंतर कॅप्टन जिन्यावर आले, खांद्यावर चार पट्ट्या. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांची ओळख करून दिली आणि आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कॉलेज रोड

आम्ही केटीएचएम कॉलेजच्या वर्गमैत्रिणी. एकीची मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्यामुळे साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला 'क्वीन मेरी २' ने गेलो. तिथे फॉर्मल नाइटला 'गाला ईव्हनिंग' म्हणतात, आणि ती खरोखरच औपचारिक असते. संध्याकाळी सहानंतर सूट, डिनर जॅकेट किंवा लांब पोशाख. मात्र आपल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य आहे, त्यामुळे साडी अगदी नियमात बसते. मनात शंका न ठेवता नेसा.

कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे घेतात. म्हणजे बॉलरूममध्ये बँड चालू आहे, आपण गप्पा मारतोय, आणि रात्र एक तासाने वाढलेली आहे! कॉलेजात हॉस्टेलला परतायची वेळ झाली की आमच्या गप्पा अर्ध्यावर तुटायच्या. इथे उलट वेळच आमच्या पदरात पडत होती. आम्ही नाचलोसुद्धा. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी आमच्या मैत्रिणीला वॉल्ट्झची पावलं शिकवली, तिने त्यांच्या पत्नीला फुगडी.

पंचवटी

सिंगापूरहून गेलो. आमच्यात दोन कुटुंबं कांदा-लसूण न खाणारी. मुख्य डायनिंग हॉलमध्ये रोज तोच वाढपी आणि तोच हेड वेटर असतो, त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. फॉर्मल नाइटला त्यांनी वेगळी भाजी आणि डाळ करून आणली, आणि ती मांडली इतरांच्या ताटांइतक्याच देखण्या रीतीने. आमच्या मित्राच्या आई ७८ वर्षांच्या. त्यांचं ताट सगळ्यांच्या बरोबरीनेच आलं, मागून नाही. त्या दोन्ही हात जोडून "सुखी राहा" म्हणाल्या. काटेचमच्यांची रांग बघून बिचकू नका, बाहेरच्या बाजूने आत यायचं. हाताने जेवलात तरी कुणी काही म्हणत नाही.

सिडको

आम्ही गेलोच नाही त्या जेवणाला. बुफे चालू असतो, तिथे साध्या कपड्यांत चालतं. वरच्या डेकवर ताटं घेऊन बसलो, फार छान गेली संध्याकाळ.

सातपूर

पोटात ढवळत असेल तर जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर हेलकावा कमी लागतो. केबिन घेतानाच विचारा. आलेपाक जवळ ठेवा. उंच टाचा नकोत.

गंगापूर रोड

मला हे लिहायचं होतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीचे यजमान आदल्या वर्षी गेले. ती यायला तयार झाली, पण म्हणाली, "त्या रात्री मी केबिनमध्येच बसेन, तुम्ही जा." आम्ही कुणीच आग्रह केला नाही. फक्त टेबलावर तिची जागा ठेवा म्हणून सांगून ठेवलं. सूप आलं तेव्हा ती दारात उभी होती, गडद निळी इरकल, कपाळावर टिकली, ओठांवर थोडं लिपस्टिक. आम्हाला काही बोलायचं सुचेना. मग ती स्वतःच म्हणाली, "सरका की गं." जिन्यावर जहाजाचा फोटोग्राफर होता, त्याच्याकडून आम्ही सगळ्यांनी फोटो काढून घेतला. तो महाग असतो, तरी घेतला. तिच्या सासूबाईंनी तो बघितला आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावायला सांगितला. घरातल्या जुन्या माणसांबद्दल आपण फार लवकर मत बनवतो असं मला तेव्हापासून वाटतं.

अशोका मार्ग

डिसेंबरमध्ये आम्ही सहा जणी जातोय. नऊवारी नेसावी का? आणि नेमकी कोणत्या रात्री?

धागाकर्ती

नऊवारी जरूर नेसा. चालायला मोकळी, जिन्यांवर पायात येत नाही. शिवलेली असेल तर लहान केबिनमध्ये आणखी सोपं. रात्र शक्यतो अशी निवडा की त्या दिवशी जहाज पूर्ण वेळ समुद्रात आहे. बंदरात उतरून उन्हातान्हात फिरून आलं की तयारीला जीव राहत नाही. सगळ्यांची बुकिंग वेगवेगळी झाली असतील तर ती एकमेकांना जोडून एकच टेबल द्यायला आत्ताच सांगा. पिना घरून न्या, आणि हेअर ड्रायर, एक्स्टेन्शन बोर्ड वगैरेंचे नियम तिकिटासोबतच्या पत्रकात वाचूनच बॅग भरा. कुणाकडे आईची साडी असेल तर तीच न्या.