मदत हवी आहे: वेगवेगळ्या होड्यांच्या शर्यतीत ऑप्टिमिस्टच दर वेळी पहिली कशी?

शिडवाला: मुंबई बंदरात रविवारी मिश्र डिंगींची (शिडाच्या छोट्या होड्यांची) शर्यत घेतो. पोर्ट्समथ यार्डस्टिकचे नंबर वापरतो, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या होड्यांची बरोबरी करायला प्रत्येक जातीला दिलेला आकडा. ते जुन्या यादीतले आहेत: २९इआर ९०३, लेझर ११००, ऑप्टिमिस्ट १६४२. सूत्र: लागलेला वेळ × १००० ÷ नंबर. गेल्या शर्यतीत २९इआरच्या ४ फेऱ्या ४१.२० मिनिटांत, लेझरच्या ३ फेऱ्या ३९.३० मध्ये आणि ऑप्टिमिस्टच्या २ फेऱ्या ४०.१० मध्ये झाल्या. निकालात ऑप्टिमिस्ट पहिली, २९इआर शेवटची. कुठे चुकतंय?

बोया_क्र_३: दोन चुका आहेत. मोठी चूक फेऱ्यांची. ज्यांच्या फेऱ्या कमी झाल्या त्यांचा वेळ आधी सर्वांत जास्त फेऱ्यांवर आणायचा, मग नंबर लावायचा:

लागलेले सेकंद × सर्वाधिक फेऱ्या ÷ स्वतःच्या फेऱ्या × १००० ÷ नंबर

२९इआर: २४८० सेकंद, फेऱ्या पूर्ण, म्हणून २७४६.
लेझर: २३७० × ४ ÷ ३ = ३१६०, म्हणून २८७३.
ऑप्टिमिस्ट: २४१० × ४ ÷ २ = ४८२०, म्हणून २९३५.

क्रम पार उलटा झाला. दुसरी चूक ४१.२० ची. ४१ मिनिटं २० सेकंद म्हणजे ४१.३३ मिनिटं. एक्सेलने ते ४१.२० धरलं की ८ सेकंद गेले, आणि लेझरच्या ३९.३० मध्ये १२ सेकंद गेले. चुरशीच्या शर्यतीत एवढ्यावर नंबर पलटतो. वेळ कायम सेकंदातच लिहा.

फेऱ्यांची सरासरी धरणार असाल तर तसं शर्यतीच्या सूचनांत आधी छापलेलं हवं. शेवटची रेषा प्रत्येक फेरीत ओलांडली जाईल अशीच ठेवा. ठरलेली वेळ झाली की जी होडी रेषेवर येईल तिची शर्यत तिथेच संपते, त्यामुळे सगळ्या जवळपास एकाच वाऱ्यात संपवतात. रेषेवर दोन माणसं लागतात. एकाने शिडावरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने घड्याळाची वेळ टिपायची. प्रत्येक फेरीची नोंद ठेवा, फक्त शेवटची नाही. एक फेरी निसटली की सगळा हिशेब कोसळतो.

खाडीकाठ: वरचं बरोबर, पण मुंबईत प्रवाहाचा मुद्दा यापेक्षा मोठा आहे. यार्डस्टिक वेळेचं गुणोत्तर धरतं, आणि प्रवाह ते गुणोत्तरच बिघडवतो. एक होडी ४ नॉटची (तासाला ४ सागरी मैल), दुसरी ३ नॉटची. थांबलेल्या पाण्यात १ सागरी मैल जाऊन परत यायला ३० आणि ४० मिनिटं. आता १ नॉटचा प्रवाह घ्या. पहिलीला १२ आणि २० मिळून ३२ मिनिटं, दुसरीला १५ आणि ३० मिळून ४५. नंबर ३०:४० चाच, म्हणजे संथ होडी दुरुस्त वेळेत (नंबर लावून आलेल्या वेळेत) पावणेदोन मिनिटं मागे. तिने काही चूक केलेली नाही. जाताना मिळालेला फायदा येताना भरून निघतो असं वाटतं, पण उलट्या प्रवाहात ती जास्त वेळ अडकते.

म्हणून उधाणाच्या ऐन ओहोटीत मिश्र शर्यत नकोच. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस निवडा, किंवा पाणी थबकण्याच्या आसपास स्टार्ट द्या. बोये प्रवाहाला आडवे लावले तर फरक बराच कमी होतो. फेरी छोटी ठेवा.

शिडवाला: मनापासून आभार. एक खलाशी लेझरला रेडियलचं लहान शीड लावतो, त्याला ११०० च द्यायचा ना? आणि सतत मागे राहणाऱ्यांचा नंबर वाढवू का? एक कीलबोटही (तळाला जड पातं असलेली मोठी होडी) यायचं म्हणतेय.

बोया_क्र_३: रेडियलला वेगळा नंबर असतो, त्याच यादीत ११४७. हल (होडीचं अंग) तेच असलं तरी शीड बदललं की होडी बदलली. म्हणून स्टार्टपूर्वी कोणी काय लावलंय ते पाहून लिहा.

नंबर होडीचा असतो, खलाशाचा नाही. एकच माणूस मागे राहतो म्हणून नंबर वाढवलात तर त्याच जातीची होडी नीट चालवणारा फुकट जिंकेल. त्या जातीच्या बऱ्याच होड्या, बऱ्याच शर्यतींत, चांगल्या हातांत असूनही मागे पडत असतील तरच क्लबापुरता थोडा बदल करा. तोही मालिका सुरू होण्यापूर्वी, मध्ये कधीच नाही. आरवायए (ब्रिटनची शिडाच्या होड्यांची संघटना) यादी सुधारत असते, म्हणून ताजी यादी घ्या आणि कुठल्या वर्षाची धरलीत ते सूचनांत लिहा.

कीलबोटीला वेगळी स्टार्ट द्या. तिचं आयआरसी रेटिंग (मोठ्या होड्यांसाठीच्या वेगळ्या पद्धतीतला आकडा) असेल तर लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणायचं असतं, म्हणजे मोठा आकडा वेगवान होडीचा. यार्डस्टिकमध्ये भागायचं असतं आणि मोठा आकडा संथ होडीचा. दोन्ही एकाच शीटमध्ये ठेवू नका.