अपोलो ११ च्या पदकातील यानाचा धातू: मुलीला नेमके काय सांगावे?

हंट्सव्हिलवासी:
नमस्कार. अलाबामातील हंट्सव्हिल येथे आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी गेल्या महिन्यात माझ्या मुलीला एक पदक दिले. त्यांचे दिवंगत पती चंद्रयाने वाहून नेणाऱ्या सॅटर्न ५ अग्निबाणाच्या वेल्डिंगची तपासणी करीत असत आणि नासाच्या ‘मॅन्ड फ्लाइट अवेअरनेस’ या कर्मचारी-गौरवाच्या उपक्रमातून अपोलो ११ नंतर हे पदक त्यांना मिळाले होते. चंद्राभोवती फिरत राहिलेले कोलंबिया आणि चंद्रावर उतरलेले ईगल या दोन्ही यानांचा धातू या पदकात मिसळलेला आहे. मुलीने लगेच विचारले की, ईगल तर परत आलेच नाही, मग त्याचा धातू कुठून आला? शिवाय वितळवून दुसऱ्या धातूत मिसळल्यावर त्याला चंद्रावर जाऊन आलेला म्हणता येते का? पदक विकायचे नाही. तिला खरे तेच सांगायचे आहे.

जुना वाचक:
मुलीची शंका अगदी योग्य आहे. ईगलचा खालचा भाग चंद्रावरच राहिला आणि वरचा भाग, आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन कोलंबियात परतल्यावर, २१ जुलै १९६९ रोजी चंद्राभोवतीच्या कक्षेत सोडून देण्यात आला. मात्र तो सोडण्यापूर्वी दगडमातीच्या पेट्यांबरोबर ईगलमधील काही किरकोळ सामानही कोलंबियात हलवले गेले होते. आर्मस्ट्राँग यांच्या निधनानंतर त्यांच्या घरी एक पांढरी कापडी पिशवी सापडली. तिच्यात ईगलमधील चित्रीकरणाचा कॅमेरा आणि कमरेला बांधायचा पट्टा होता, हे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ईगलच्या वस्तू पृथ्वीवर आल्या, पण मोजक्याच. त्यामुळे पदकात त्याचा अंश फारच थोडा असणार.

अपोलो कार्यक्रमासाठी सुमारे ४,००,००० माणसे राबली. एवढ्या हातांना पुरेल असा यानाचा तुकडा कापून देणे शक्यच नव्हते. परत आलेला धातू दुसऱ्या धातूच्या मोठ्या रसात मिसळून पदके पाडली, म्हणूनच वेल्डिंग तपासणाऱ्या माणसापर्यंतही तो पोहोचला. कणभर का होईना, प्रसाद सर्वांना मिळावा, तसे हे वाटप मला वाटते.

पदकसंग्राहक:
वितळवण्याविषयी अपोलो १३ चे उदाहरण मुलीला अवश्य सांगा. अंतराळवीर सोबत नेत असत ती रॉबिन्स कंपनीची चांदीची पदके त्या मोहिमेसाठी आधीच तयार झाली होती आणि त्यांवर अंतराळवीर मॅटिंगली यांचे नाव होते. जर्मन गोवराच्या संसर्गाच्या भीतीने उड्डाणापूर्वी काही दिवस त्यांच्या जागी स्वायगर्ट आले, पुढे चंद्रावर उतरणेही हुकले. परतल्यावर ती पदके वितळवून त्याच चांदीची नवी पदके पाडण्यात आली. संग्राहक ती चांदी निःशंकपणे ‘जाऊन आलेली’ मानतात. तुमच्या पदकात फरक एवढाच की, तेथे सगळी चांदी प्रवास करून आली होती, येथे केवळ एक अंश आला आहे. तेव्हा ‘यात यानाचा धातू आहे’ असे सांगावे, ‘हे पदक चंद्रावर गेले होते’ असे सांगू नये.

याउलट ‘सिल्व्हर स्नूपी’ हा चांदीचा बिल्ला स्वतः अंतराळात जाऊन आलेला असतो. १९६८ पासून तो निवडक कर्मचाऱ्यांनाच, बहुधा अंतराळवीराच्या हस्ते, दिला जातो आणि सोबतच्या पत्रात तो कोणत्या मोहिमेत गेला होता ते लिहिलेले असते. आजींकडे तोही आहे का, हे एकदा विचारून पाहा.

हंट्सव्हिलवासी:
दोघांचे मनापासून आभार. मुलीला ‘यात यानाचा धातू आहे’ हे वाक्य जसेच्या तसे सांगितले आणि तिला ते पटले. स्नूपीचा बिल्ला आजींकडे नाही. पदक मात्र काळवंडले आहे. ते पॉलिशने उजळावे का?

पदकसंग्राहक:
कृपया पॉलिश लावू नका, कारण घासताना निघून जाईल तो याच पदकाचा धातू असेल. कडेने धरून मऊ, कोरड्या सुती कापडाने टिपा आणि आम्लरहित कागदात ठेवा. त्यासोबत आलेला कागद किंवा डबी आजींकडे असेल, तर ती वेगळी होऊ देऊ नका. आजींच्या पतींचे काम काय होते, हे त्यांच्याच शब्दांत आणि शक्य तर त्यांच्याच अक्षरात लिहून घेऊन त्याच डबीत ठेवा.